माणसांविषयीच्या प्रश्नांना शोधाच्या वाटेसह उत्तर द्या

प्रति,
सार्वजनिक ग्रंथालयांचे संचालक, विश्वस्त आणि संदर्भ विभागांत काम करणारे सर्व ग्रंथपाल यांस

सप्रेम नमस्कार.

पणजीचे माहेरचे आडनाव काय होते, अमुक जहाजातून उतरलेला माणूस आमच्याच घराण्यातला होता का, जुन्या छायाचित्रामागे ज्याचे नाव लिहिले आहे तो कोण, आजोबांच्या भावाचे पुढे काय झाले, असे प्रश्न संदर्भ विभागाच्या टेबलापाशी दररोज येतात. आपल्यापैकी अनेक जण ते आस्थेने हाताळतात, याची मला जाणीव आहे. तरीही बहुतेक ठिकाणी हे प्रश्न हौसेच्या खात्यात जमा होतात. संशोधकाचा आणि विद्यार्थ्याचा प्रश्न आधी, आणि वेळ उरलाच तर घराण्याचा शोध घेणाऱ्याचा. उत्तर दिले गेले तरी ते अनेकदा एका ओळीचे असते: ‘नोंद सापडली, प्रत सोबत जोडली आहे’ किंवा ‘नोंद आढळत नाही’. माझी विनंती या एका ओळीविषयी आहे. माणसांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना ते कशावरून मिळाले, कुठे कुठे शोधले, कुठे काही मिळाले नाही आणि निष्कर्षाची खात्री कितपत आहे, एवढे सगळे त्या उत्तरातच लिहून द्यावे, आणि ते लिहिण्यासाठी लागणारा वेळ ग्रंथालयाच्या व्यवस्थापनाने कामाचा वेळ म्हणून मान्य करावा.

ही मागणी आपल्या व्यवसायाच्या परंपरेबाहेरची नाही. अमेरिकेतल्या वूस्टर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्ये ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातल्या प्रत्यक्ष संबंधांवर निबंध वाचला, आणि वाचकाला नुसती पुस्तके न दाखवता त्याच्या प्रश्नाला मदत करणे हे ग्रंथपालाचे काम आहे, हा विचार रुजू लागला. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आज ज्याला आपण ‘नोंद आढळत नाही’ एवढेच सांगून परत पाठवतो, तो वाचक उद्या दुसऱ्या ग्रंथालयात जाऊन त्याच याद्या, जुन्या दप्तरांच्या त्याच सूक्ष्मपट-फिती आणि त्याच सूची पुन्हा पहिल्यापासून चाळतो. आधीच्या शोधाची वाट त्याच्या हाती असती, तर ते दिवस वाचले असते.

नावांपासून सुरुवात करतो, कारण चूक बहुधा तिथेच होते. अमेरिकेच्या जनगणनेत माणसे शोधण्यासाठी वापरली जाणारी साउंडेक्स ही पद्धत आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वापरातली आहे. रॉबर्ट रसेल यांनी तिचे पेटंट १९१८ मध्ये मिळवले. आडनावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांना उच्चाराच्या गटानुसार तीन अंक द्यायचे, एवढीच तिची रचना आहे. त्यामुळे स्मिथ, स्मायथ आणि श्मिट ही तिन्ही आडनावे एस-५३० या एकाच संकेताखाली येतात, आणि लेखनिकाच्या स्पेलिंगमुळे हरवलेला माणूस हाती लागतो. पण पहिले अक्षर मात्र ही पद्धत कधीच बदलत नाही. कार हे आडनाव एकाने सी या अक्षराने लिहिले आणि दुसऱ्याने के या अक्षराने, तर ऐकायला एकच असलेली ही दोन नावे सूचीच्या दोन वेगळ्या टोकांना जाऊन बसतात. ज्या वाचकाला हे सांगितलेले नसते, तो एका टोकाला शोधून निराश होतो आणि दुसऱ्या टोकाकडे फिरकतच नाही.

याच पद्धतीने १९३० च्या दशकात तयार झालेल्या सूचींपैकी १८८० च्या जनगणनेची सूची मला फार महत्त्वाची वाटते. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, निवृत्तिवेतनासाठी वय सिद्ध करण्याची गरज निर्माण झाली, आणि ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नव्हती अशांना जनगणनेचा आधार घ्यावा लागला. १८८० मध्ये जी मुले होती तीच आता म्हातारपणाकडे झुकत होती. म्हणून सूची करताना ज्या घरांत दहा वर्षांपर्यंतची मुले होती तेवढीच घरे तीत घेतली गेली. लहान मूल नसलेले जोडपे, एकटा राहणारा कामगार, मुले मोठी झालेली विधवा, हे सगळे मूळ जनगणनेत आहेत पण या सूचीत नाहीत. आता या सूचीत नाव नाही म्हणून एखाद्या वाचकाला ‘आपले पूर्वज १८८० च्या जनगणनेत आढळत नाहीत’ असे लेखी उत्तर गेले, तर ते उत्तर चुकीचे ठरेल. ‘साउंडेक्स सूचीत आढळत नाहीत, ही सूची फक्त लहान मुले असलेल्या घरांची आहे, मूळ पाने पाहिलेली नाहीत’ असे लिहिले, तर तेच उत्तर बरोबर ठरते आणि पुढची दिशाही दाखवते. दोन उत्तरांमध्ये फरक आहे तो फक्त दोन वाक्यांचा.

नाव कसे लिहायचे आणि कोणत्या शब्दाखाली शोधायचे, हा प्रश्नही सोपा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९६१ ते १९७१ या काळातले महासचिव ऊ थांट यांच्या नावातला ‘ऊ’ हा आदरार्थी शब्द आहे आणि थांट हे त्यांचे एकमेव नाव. आडनाव त्यांना नव्हतेच. आइसलँडमध्ये बहुतेक लोकांच्या नावाचा दुसरा भाग वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून तयार होतो, त्यामुळे बाप आणि मुलगा यांचा हा भाग निरनिराळा असतो आणि तिथल्या टेलिफोनच्या यादीत माणसे पहिल्या नावाने लावलेली असतात. तुर्कस्तानात आडनाव घेणे १९३४ च्या कायद्याने बंधनकारक झाले, जपानमध्ये १८७५ मध्ये, थायलंडमध्ये १९१३ मध्ये. अशा समाजांतल्या घराण्याचा शोध घेणारा वाचक आजचे आडनाव घेऊन शंभर-दीडशे वर्षे मागे जाऊ लागला, तर नोंदी पूर्ण असूनही त्याला रिकाम्या हाताने परतावे लागेल. आडनाव कुठपर्यंत साथ देते आणि कुठून पुढे गाव, व्यवसाय किंवा वडिलांचे नाव धरून शोधावे लागते, हे वाचकाला सांगू शकेल असा माणूस ग्रंथालयातच भेटतो.

कुटुंबात चालत आलेल्या गोष्टींच्या बाबतीत तर उत्तर देणाऱ्याची कसोटी लागते. ‘आमचे आडनाव एलिस बेटावरच्या कारकुनाने बदलले’ असे सांगणारे वाचक अमेरिकेतल्या ग्रंथपालांकडे सतत येतात. १८९२ ते १९५४ या काळात या स्थलांतर केंद्रातून सुमारे १ कोटी २० लाख लोक अमेरिकेत गेले. तिथल्या निरीक्षकासमोर जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरावर भरलेली प्रवाशांची यादी असे, आणि यादीतली माहिती पडताळून पाहणे हे त्याचे काम होते; नवीन नाव बहाल करणे त्याच्या अखत्यारीत नव्हते. केंद्रात दुभाषेही होते. नावे बदलली ती बहुतांशी नंतर, लोकांनी स्वतःच, नोकरीसाठी, शेजाऱ्यांना उच्चारता यावे म्हणून, किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी. हे वाचकाला सांगावे का? माझ्या मते सांगावे, पण ‘तुमच्या आजीचे खोटे होते’ अशा सुरात नव्हे. यादी कोण लिहीत असे ते सांगावे, यादीतले त्यांच्या घराण्याचे नाव समोर ठेवावे, मग नागरिकत्वाच्या कागदपत्रांतले नाव शेजारी ठेवावे, आणि बदल या दोहोंच्या मध्ये कुठे तरी झाला हे त्यांचे त्यांना दिसू द्यावे. असे दिसले की कुटुंबाची गोष्ट कमी होत नाही, उलट वाढते: नाव कोणी तरी लादले नव्हते, पूर्वजाने ते स्वतः निवडले होते, हे कळल्यावर तो पूर्वज थोडा अधिक ओळखीचा होतो.

वय आणि तारखा यांच्याबाबतीतही असेच घडते. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे अशी सूचना गणना करणाऱ्यांना होती. सर्वांनी ती पाळली नाही, पण पुष्कळांनी पाळली. म्हणून चौतीस वर्षांचा माणूस तिथे तीस वर्षांचा दिसतो आणि दहा वर्षांनी १८५१ मध्ये, जेव्हा नेमके वय लिहिले गेले, तो चव्वेचाळीस वर्षांचा निघतो. दहा वर्षांत चौदा वर्षांनी वाढलेला हा माणूस एकच की एकाच नावाचे दोघे, अशा कोड्यात सापडलेल्या वाचकाला त्या एका सूचनेची माहिती दिली की कोडे सुटते. दिनदर्शिकेचेही तसेच. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत १७५२ मध्ये ग्रेगरियन दिनदर्शिका आली. २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर ठरला, आणि इंग्लंडमध्ये तोवर २५ मार्चला सुरू होणारे वर्ष १ जानेवारीपासून धरले जाऊ लागले. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. एखाद्या अप्रसिद्ध माणसाच्या बाबतीत मात्र अशा दोन तारखांमुळे एका बाळाची दोन बाळे होतात आणि ती पुढच्या प्रत्येक वंशावळीत उतरत जातात.

आता नकारात्मक उत्तराकडे वळतो, कारण या पत्राचा गाभा तिथेच आहे. नोंद मिळाली नाही, याची कारणे अनेक असू शकतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा फार मोठा भाग वॉशिंग्टनमध्ये जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीत गेला किंवा त्या आगीनंतर खराब झाला म्हणून पुढे नष्ट करण्यात आला. आयर्लंडमध्ये जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातले सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात उद्ध्वस्त झाले आणि १८२१ ते १८५१ या काळातल्या जनगणनांची बहुतेक पाने जळाली. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. या ठिकाणी ‘नोंद आढळत नाही’ याचा अर्थ ‘कोणाचीच नोंद उरलेली नाही’ असा आहे. तो स्पष्ट लिहिला, तर वाचक तिथे डोके आपटत बसणार नाही. तो चर्चच्या दप्तराकडे, करवसुलीच्या याद्यांकडे, जुन्या वर्तमानपत्रांकडे वळेल. डब्लिनच्या त्या अभिलेखागारातले काय काय इतरत्र प्रतींच्या रूपाने शिल्लक आहे ते गोळा करण्याचे मोठे काम गेल्या काही वर्षांत उभे राहिले, ते मुळात काय होते याची नीट यादी कोणी तरी करून ठेवली होती म्हणूनच.

याहून कठीण नकार वेगळ्या जातीचा आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांची नावे जनगणनेत पहिल्यांदा दिसतात ती १८७० मध्ये. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या तक्त्यांत मालकाचे नाव आहे, आणि त्याखाली ओळीने वय, लिंग, वर्ण. माणसांची नावे जवळजवळ नाहीत. ज्या वाचकाचा शोध इथे येऊन थांबतो, त्याला ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर देणे हा माझ्या दृष्टीने अन्याय आहे. नोंद आहे. तिच्यात त्याच्या पूर्वजाला नाव देण्याचे नाकारले गेले आहे. उत्तरात हे याच शब्दांत असायला हवे, आणि पुढे मालकाच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत, खरेदीखतांत आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्यांना मदत करणाऱ्या ‘मुक्तजनांच्या कार्यालया’च्या कागदांत नाव भेटण्याची शक्यता किती, हेही सांगायला हवे. अशा वाचकासमोर बसलेल्या ग्रंथपालाला घाईत ठेवू नये, ही व्यवस्थापनाला माझी स्वतंत्र विनंती आहे.

कोणी म्हणेल, आता हे सगळे घरबसल्या संगणकावर मिळते. पुष्कळ मिळते, आणि ते चांगलेच झाले. पण वंशावळींच्या संकेतस्थळांवर एका वाचकाने लावलेला अंदाज दुसरा उतरवून घेतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि एकाच चुकीच्या पन्नास प्रती पाहून एकावन्नावा वाचक ती सिद्ध झाली असे मानतो. जुन्या वर्तमानपत्रांच्या छायाप्रतींवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात नावे हटकून बिघडतात. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईतला लांब एस यंत्राला एफसारखा दिसतो, आणि मग ते नाव शोधखिडकीत कितीही वेळा टंकले तरी सापडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या आपल्या संकेतस्थळावर असा मजकूर दुरुस्त करण्याची मुभा वाचकांना दिली आणि लोकांनी ते काम मनापासून केले. काही नोंदींच्या प्रतिमा तर घरून उघडतच नाहीत. त्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेशी संलग्न असलेल्या ग्रंथालयातल्या संगणकावरच पाहता येतात. आणि अलीकडे प्रश्न विचारताच सफाईदार वाक्यांत उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्या उत्तरात आधार कोणता हे अनेकदा नसते, आणि सामान्य माणसांविषयी तर आत्मविश्वासाने दिलेले उत्तरही निराधार असू शकते. अशा काळात आधारासह उत्तर देणारी जागा टिकवणे हे ग्रंथालयाचे काम वाढवणारे आहे, कमी करणारे नाही.

एका गोष्टीत मात्र ग्रंथपालाने उत्तर देण्याची घाई करू नये. मेलेल्या माणसांविषयी विचारता विचारता प्रश्न जिवंत माणसांपर्यंत येतो. जनगणनेची पाने अमेरिकेत ७२ वर्षे आणि ब्रिटनमध्ये १०० वर्षे बंद ठेवली जातात ती याच जाणिवेतून. १९५० ची अमेरिकेची पाने म्हणूनच एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. दत्तक गेलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्या मूळ जन्मनोंदीचा हक्क स्कॉटलंडमध्ये १९३० पासून आहे, इंग्लंडमध्ये तो १९७५ च्या कायद्याने मिळाला, आणि अनेक ठिकाणी अजून नाही. स्वतःच्या जन्माचा शोध घेणारा आणि दुसऱ्या कोणाचा पत्ता काढू पाहणारा, हे दोघे टेबलापाशी सारखेच प्रश्न विचारतात. पहिल्याला कायद्याची वाट दाखवावी, मध्यस्थी करणाऱ्या अधिकृत यंत्रणेची माहिती द्यावी. दुसऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. ग्रंथपालाने स्वतः कोणाच्या दारापर्यंत कोणाला नेऊन सोडू नये. घरी मागवलेल्या जनुकीय चाचणीचा निकाल घेऊन येणाऱ्या वाचकाशीही असेच सांभाळून बोलावे लागते, कारण त्या कागदावर केवळ त्याचे नाही, त्याच्या नातेवाइकांचेही काही तरी उघडे झालेले असते. २०२३ मध्ये अशा चाचण्या करणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, हे त्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही.

आता मागणी नेमकी सांगतो. वंशावळीच्या प्रत्येक लेखी प्रश्नाच्या उत्तरात पाहिलेल्या साधनांची नावे, वर्षे आणि पाने असावीत, ज्या साधनांत काही मिळाले नाही तीही असावीत, आणि ‘खात्रीने’, ‘बहुधा’ व ‘अंदाजाने’ हे शब्द जिथले तिथे वापरलेले असावेत. त्या उत्तराची एक प्रत, विचारणाऱ्याचे नाव आणि जिवंत व्यक्तींचे तपशील काढून, ग्रंथालयाच्या तालिकेत शोधता येईल अशी जपावी. प्रत्येक ग्रंथालय वर्षानुवर्षे असे शेकडो शोध घेते आणि टेबलावरचा माणूस निवृत्त झाला की ते सगळे त्याच्याबरोबर जातात. ही हानी कोणत्याही आगीइतकीच खरी आहे, फक्त ती थांबवता येण्यासारखी आहे. एका प्रश्नाला एक तास लागला तर तो तास ‘एक प्रश्न’ म्हणून मोजून कामगिरी कमी भरल्याचे दाखवू नये. आणि संदर्भ विभागात नव्याने येणाऱ्याला सूची आणि मूळ दप्तर यांतला फरक, जुनी दिनदर्शिका आणि हस्ताक्षर वाचणे हे पहिल्या काही महिन्यांतच शिकवावे, पुढे कधी तरी प्रशिक्षण होईल या भरवशावर ठेवू नये.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. उत्तराचा एक ठरलेला नमुना, तालिकेत एक नवे शीर्षक आणि आठवड्याच्या वेळापत्रकात या कामासाठी राखलेले काही तास एवढे लागते. पुढील वर्षाचा आराखडा ठरवताना विश्वस्तांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि चर्चेच्या वेळी संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांना बैठकीला बोलवावे. कोणत्या प्रश्नांना किती वेळ लागतो आणि वाचक कोणत्या टप्प्यावर अडतात, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही.

आपला विश्वासू,
ग्रंथालयांचा एक नित्य वाचक